गोदाची जन्मतारीख

गोदाचा जन्म दोनदा झाला होता आणि अर्जात जन्मतारखेसाठी रकाना एकच होता.

वागेनिंगेनच्या त्यांच्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, तो अर्ज आठ दिवस पडून होता. मयूरी बोरस्ते चार वर्षांपूर्वी कांद्याच्या बियाण्यांवर संशोधन करायला निफाडहून नेदरलँड्सला आली, तेव्हा तिचा नवरा सुयोग कुशारेही बरोबर आला. तो गावी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचा. इथं सायकलदुरुस्तीच्या दुकानात लागला आणि हातांना ग्रीस लावून घेण्यात चांगला रमलाही. आता मयूरीचा करार ऑगस्टअखेर संपत होता आणि त्याबरोबर इथं राहण्याचा परवानाही. नाशिकला तिची नवी जागा ठरली होती. तीस ऑगस्टची तिकिटं काढून झाली होती. फक्त गोदाजवळ एकही भारतीय कागद नव्हता. दूतावासात जन्माची नोंद नाही म्हणून पासपोर्ट नाही आणि पासपोर्ट नाही म्हणून विमान नाही.

"सहा फेब्रुवारी लिही," सुयोग रोज म्हणायचा.

"बावीस मे," मयूरी म्हणायची.

दोन्ही तारखा खऱ्या होत्या.

सहा फेब्रुवारीला मयूरीला तेविसावा आठवडा संपत आला होता. सकाळी प्रयोगशाळेत तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ती रोपांच्या ट्रेवरच कोसळली. रक्तदाब भलताच चढला होता, यकृत निकामी होऊ लागलं होतं. अशा वेळी उपाय एकच असतो, गर्भारपण थांबवणं. बाळ बाहेर काढलं नसतं तर दोघीही गेल्या असत्या.

पण तेवीस आठवड्यांच्या बाळाची फुफ्फुसं हवेसाठी तयार नसतात. इतक्या कोवळ्या फुफ्फुसांत हवा शिरली की त्यांना कायमची इजा होते, आणि बाळाला जगवण्याच्या धडपडीतच पुष्कळदा मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून त्या इस्पितळात गोदाला हवा लागूच दिली नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावरून तिला पाण्याने भरलेल्या एका रुंद नळीतून सरळ जलगर्भात सरकवलं.

जलगर्भ म्हणजे मोठ्या उशीएवढी पारदर्शक पिशवी. आत कोमट, किंचित खारट पाणी, सतत गाळलं जाणारं आणि बदललं जाणारं. बाळाच्या नाळेतल्या रक्तवाहिन्यांना बारीक नळ्या जोडलेल्या असतात. बाळाचं स्वतःचं हृदयच त्या नळ्यांतून रक्त बाहेर ढकलतं. बाहेर पुस्तकाएवढी एक पेटी असते, ती त्या रक्तात प्राणवायू आणि अन्न मिसळून ते परत पाठवते. पोटात जे काम वार करते तेच ही पेटी करते. आतलं बाळ श्वास घेत नाही, रडत नाही. पाणी गिळतं, उचक्या देतं, अंगठा चोखतं. आई मात्र दोन मजले वर असते.

गोदा तिथं एकशे पाच दिवस राहिली. बावीस मेला दुपारी तिला पाण्यातून बाहेर काढलं, नाळ कापली आणि ती इतक्या जोरात रडली की परिचारिकाही दचकल्या.

मग तिचा जन्म कधी झाला? जगात तेव्हा जलगर्भातून आलेली मुलं जेमतेम चार-पाचशे होती आणि कायद्याला अजून त्यांची सवय झाली नव्हती. तिथल्या नगरपालिकेने दाखल्यावर दोन्ही तारखा छापल्या, एक आईपासून वेगळं झाल्याची, एक पहिल्या श्वासाची. खाली एक ओळ होती: यांपैकी जन्मतारीख कोणती ते आईवडिलांनी एकमताने ठरवावं. भारतीय दूतावासानेही हेच सांगितलं. दोघांनी मिळून शपथपत्र करा, एकच तारीख लिहा, दोघांनी सही करा.

एकमत काही होईना. निफाडहून मयूरीच्या आईने तर गुरुजींकडून दोन पत्रिका करून घेतल्या होत्या आणि "दोन्हींत योग चांगले आहेत, तुम्हीच काय ते ठरवा," म्हणून हात झटकले होते.

मयूरीचं म्हणणं साधं होतं. सहा फेब्रुवारीला ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आली ती एकोणिसाव्या दिवशी, आणि तेव्हा तिचं पोट सपाट होतं. जंतुसंसर्गाच्या भीतीने तिला खालच्या मजल्यावर जाऊ दिलं ते चव्वेचाळिसाव्या दिवशी. "माझ्यातून कुणी काहीतरी काढून नेलं, तो हा दिवस," ती म्हणायची. "त्या दिवशी दरवर्षी केक कापू मी? ती माझ्या हातात आली तेव्हा जन्मली."

सुयोग म्हणायचा, "आणि मी तिच्याशी तीन-साडेतीन महिने बोलत बसलो होतो तो कुणाशी? जन्मलीच नव्हती तिच्याशी?"

यापलीकडे सुयोग काही बोलत नसे. एरवी तो कुठल्याच गोष्टीला इतका अडून बसणारा नव्हता. आठव्या दिवशी तिने हात टेकले. विमानाची तारीख हातची जायला नको, एवढाच विचार केला आणि पेन उचलून लिहिलं, सहा फेब्रुवारी. सुयोगने तिच्याकडे बघितलं, पण त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद दिसला नाही. तिला ते जरा खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते द हेगला गेले. सुयोगने गोदाला छातीशी झोळीत बांधलं होतं. दूतावासातल्या खिडकीमागे प्रतिभा मेश्राम नावाच्या अधिकारी बाई होत्या, मूळच्या भंडाऱ्याच्या. नावं वाचून त्या मराठीतच सुरू झाल्या.

"नाशिककडचे का? बसा बसा. बाळ झोपलंय ना, मग घाई करून घेऊ. जागं झालं की माझं काही चालत नाही."

त्यांनी एकेक कागद बघितला. दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, नगरपालिकेचा दोन तारखांचा दाखला. बाळाचा फोटो बघून त्या हसल्या. "डोळे उघडे आहेत, तोंड मिटलेलं आहे, मागे कुणाचा हात नाही. किती वेळ लागला हो याला?"

"दोन तास," सुयोग म्हणाला.

"लवकर झालं की." मग त्यांनी दाखल्याला जोडलेलं इस्पितळाचं पत्रक उलटलं आणि चष्मा नाकावर वर केला. "अं, हे एक विचारायचं राहिलं. तुम्ही सहा फेब्रुवारी लिहिलंय, म्हणजे या पुरवणीचं काही करायची गरज नाही. पण दोघांना माहीत आहे ना, एवढं मला विचारावं लागतं. पंधरा फेब्रुवारीच्या शस्त्रक्रियेच्या संमतीचं."

"कुठली शस्त्रक्रिया?" मयूरीने विचारलं. "माझी एकच झाली. सहा तारखेला."

"तुमची नाही ताई. बाळाची."

मयूरीने सुयोगकडे बघितलं. तो गोदाच्या डोक्यावरून हात फिरवत खाली बघत होता.

मेश्राम बाईंच्या लक्षात आलं, पण आता मागे फिरता येत नव्हतं. त्यांनी शांतपणे सांगितलं. जलगर्भात असताना नवव्या दिवशी बाळावर एक छोटी शस्त्रक्रिया झाली. तिला वडिलांनी एकट्यांनी संमती दिली होती, कारण आई बेशुद्ध होती. जन्मतारीख सहा फेब्रुवारी धरली तर ते जन्मलेलं मूल होतं आणि वडिलांची सही पुरेशी होती. बावीस मे धरली तर ते अजून जन्मलेलं नव्हतं. तोवर त्याच्याबद्दल ठरवण्याचा हक्क फक्त आईचा. मग त्या कागदावर आईची मागाहून मान्यता लागते. ती नसेल तर इस्पितळाला चौकशी करावी लागते.

मयूरीने हातातलं पेन खाली ठेवलं. शपथपत्रावर सुयोगची सही झाली होती, तिची जागा कोरी होती.

"म्हणून तुला सहा तारीख हवी होती?"

सुयोगने मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "म्हणूनसुद्धा."

"बाकीच्या खिडक्या बंद झाल्या तरी माझी दीडपर्यंत उघडी आहे," मेश्राम बाई म्हणाल्या. त्यांनी कागद गोळा करून वर एक पेपरवेट ठेवलं. "रस्ता ओलांडला की बाकं आहेत. तुम्ही बोलून या. हे असं कुणी कुणावर रागावून सही करायचं काम नाही."

बाहेर ऊन होतं. समोरच्या बागेत शाळेची मुलं बदकांना पाव टाकत होती आणि त्यांच्या डोक्यावरून समुद्रपक्षी तो मधल्यामध्ये पळवत होते. मयूरी बाकावर बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. सुयोगने झोळी सोडून गोदाला तिच्या मांडीवर दिलं.

"सांग."

"नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं," सुयोग म्हणाला. "नाळेतली एक नळी आकसत चालली होती. रक्त कमी पडत होतं. डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले. काहीच केलं नाही तर दोन दिवसांत मेंदूला इजा. बाहेर काढून श्वासाच्या यंत्रावर ठेवलं तर जगेलही, पण फुफ्फुसं जातील. नळी बदलली तर सगळं ठीक. पण बदलताना नव्वद सेकंद रक्त बंद ठेवावं लागणार आणि त्या नव्वद सेकंदांत दहातली तीन मुलं जातात."

"मग?"

"मी म्हटलं मयूरीला विचारतो. ते म्हणाले, त्यांना आज जागं करता येणार नाही. वर आलो. तुझ्या तोंडात नळी, हातात नळ्या. मी तुला विचारलंच, खरंच मोठ्याने विचारलं. ती परिचारिका बाहेर गेली मला बघून." तो थांबला. "दुपारी बारापर्यंत वेळ होता. पावणेबाराला सही केली."

मयूरीने गोदाला जवळ ओढून घेतलं.

"एकोणिसाव्या दिवशी तू डोळे उघडलेस. पहिल्यांदा विचारलंस, ती आहे? मी म्हटलं, आहे, छान आहे. त्यानंतर सांगायला जागाच राहिली नाही. आज सांगू, उद्या सांगू. मग ती घरी आली. मग तू हसायला लागलीस. मग वाटलं, आता कशाला."

"दहातली तीन," मयूरी म्हणाली. तिचा आवाज चढला. "माझ्या लेकीचं असं झालं आणि मला सहा महिन्यांनी एका खिडकीवर कळतं? तिथल्या बाईंना माहीत, डॉक्टरांना माहीत, झाडूपोछा करणाऱ्यांनाही माहीत असेल. मीच तेवढी नाही."

"चुकलं."

"सही चुकली असं नाही म्हणत मी. मी असते तरी हेच केलं असतं, दुसरं काय करणार होते? पण त्या निर्णयात मीही आहे असं तू मला वाटूसुद्धा दिलं नाहीस. मला वाटायचं, मी वर पडले होते आणि खाली ती आपली आरामात पोहत होती. मला तुझा हेवा वाटायचा, सुयोग. खरंच सांगते. की तुझे सगळे दिवस चांगलेच गेले तिच्याबरोबर."

सुयोग हसला, पण त्याचे डोळे भरले होते. "चांगले?"

गोदाने झोपेत तोंड वाकडं केलं. मयूरीने तिला थोपटलं. समोर एका पोराच्या हातातून पक्ष्याने अख्खा पाव ओढून नेला आणि ते रडायचं सोडून टाळ्या पिटायला लागलं.

"त्या नव्वद सेकंदांत तू कुठे होतास?" मयूरीने विचारलं.

"तिथंच. त्यांनी मला पिशवीवर हात ठेवू दिला. आतमध्ये आवाज जायची सोय असते, एक चकती असते. म्हणाले बोला, ओळखीच्या आवाजाने ठोके सावरतात. मला काही सुचेना. गाणं येत नाही मला, तुला माहीत आहे. मग मी तालुके म्हणायला लागलो."

"काय?"

"नाशिक जिल्ह्याचे. पंधरा आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, असे पश्चिमेकडून. हळूहळू म्हटले. चौथ्यांदा सिन्नरपर्यंत आलो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, झालं. पण मी येवल्यापर्यंत पूर्ण केले. मध्येच सोडायची भीती वाटली."

मयूरी हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं आणि रडता रडता पुन्हा हसू. मांडीवरची गोदा त्या हलण्याने जागी झाली आणि दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. मयूरीने ओढणीने तोंड पुसलं.

"किती वाजले?"

"एक वाजून पाच."

"चल."

मेश्राम बाई डबा खात होत्या. त्यांना येताना बघून त्यांनी झाकण लावलं.

"नवीन शपथपत्र द्या मॅडम," मयूरी म्हणाली. "बावीस मे लिहिते. आणि ती मान्यतेची पुरवणी."

सुयोगने चमकून तिच्याकडे पाहिलं. "मयूरी, तू आहे त्या कागदावर फक्त सही केलीस तरी..."

"ऐक. तोवर हक्क माझा होता असं म्हणतात ना? मग माझाच राहू दे. मी तो आज वापरते. तू केलंस ते मला मान्य आहे, असं मला लिहून द्यायचंय. सहा तारीख घातली तर मला काही लिहायलाच नको. मग तुझं तू केलंस, मी कुठेच नाही."

"आणि ते एकशे पाच दिवस?" सुयोगने हळूच विचारलं. "ते मग काय होते?"

"गर्भारपण होतं. माझंच. मी झोपले होते आणि पोट तुझ्याजवळ होतं, एवढंच."

सुयोगने खिशातून पेन काढलं, टोपण उघडून तिच्यासमोर धरलं.

मेश्राम बाईंनी नवा छापील कागद पुढे सरकवला. "अकरा वर्षं झाली मला नोंदी करताना," त्या म्हणाल्या. "विमानात जन्मलेलं केलं, बोटीवरचं केलं. पण नोंदीच्या आधी आईवडील बागेत जाऊन भांडून आले असं पहिल्यांदाच. बाळाचं पूर्ण नाव?"

"गोदा मयूरी सुयोग कुशारे," दोघं एकदमच म्हणाले.

मयूरीने पुरवणी सावकाश वाचली. खाली सुयोगची पंधरा फेब्रुवारीची सही होती. एरवी त्याचं अक्षर फळ्यावरच्या मास्तराचं, गोल आणि सरळ. इथं शेवटची दोन अक्षरं घसरून ओळीखाली गेली होती. त्या सहीकडे तिने जरा वेळ पाहिलं आणि तिच्या शेजारी, तितकीच जागा घेऊन, स्वतःची सही केली.

पासपोर्ट सतरा दिवसांनी टपालाने आला. त्या सतरा दिवसांत त्यांनी घर आवरलं, सायकली विकल्या आणि मयूरीने तिच्या बियाण्यांची पाकिटं सहकाऱ्यांच्या हवाली केली. पासपोर्टातल्या फोटोत गोदा कुणीतरी तिचं दूध लांबवल्यासारखी रागाने बघत होती. मयूरीने आपल्या आईला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "अगदी तुझ्या आत्यावर गेलीये."

रोज जेवणं झाली की मयूरी जलगर्भातल्या दिवसांबद्दल विचारायची आणि सुयोग एकेक दोन-दोन दिवस सांगायचा. दहाव्या दिवशी तिला पहिल्यांदा उचक्या लागल्या. चौदाव्या दिवशी वीज गेली आणि बॅटरी चालू होईपर्यंतचे चार सेकंद त्याने श्वास रोखला. तेविसाव्या दिवशी तिने डोळे उघडले. तिला काही दिसत नाही हे माहीत असूनही त्याने केस विंचरले. काही दिवस सांगताना तो अडखळायचा आणि मयूरी थांबून राहायची. तिलाही सांगण्यासारखं होतं. वरच्या मजल्यावर पहाटे खिडकीत दिसणारी गोठलेली नदी, आणि आपण जगलो याचा आलेला राग. ते तिने याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तीस ऑगस्टला विमानतळावर, देश सोडण्याच्या फाटकाशी, यंत्राने गोदाला ओळखलं नाही. फोटोनंतरच्या तीन आठवड्यांत ती गालांनी भरली होती. दार उघडेना, मागे रांग लागली. काउंटरवरचा एक पोरगेला अधिकारी उठून आला. पासपोर्ट बघितला, गोदाला बघितलं, पुन्हा पासपोर्ट बघितला.

"ही हीच आहे ना?" त्याने सुयोगला विचारलं.

"हीच."

"जन्मतारीख सांगा. न बघता."

मयूरीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"बावीस मे," सुयोग म्हणाला. "दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. फार जोरात रडली."

"वेळ नाही विचारली," अधिकारी हसून म्हणाला आणि त्याने बाजूचं दार उघडलं.

विमान उडालं तेव्हा गोदाने थोडी कुरकुर केली आणि मग मयूरीच्या खांद्यावर झोपून गेली. खाली चौकोनी शेतं आणि त्यांच्या मधले सरळ कालवे मागे पडत गेले. सुयोगने सगळ्या पिशव्या एकदाच्या वर चढवल्या आणि हुश्श करून बसला.

"कुठवर आलो होतो आपण?" मयूरीने विचारलं.

"एकेचाळीस."

"मग बेचाळिसाव्या दिवशी काय झालं?"

सुयोग आठवू लागला. "बेचाळिसाव्या दिवशी? काही नाही गं. दिवसभर झोपूनच होती. मीही खुर्चीत झोपलो."

"तेच सांग," मयूरी म्हणाली.